तोंडी माप, वहीतलं माप

६ जानेवारी

प्रिय बाटलीबाई,

पत्र पाहून तुला वाटेल आज सूर्य पश्चिमेला उगवला. वाटू दे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. कागद मध्येच तोडता येत नाही.

झालं असं की माझ्या दुकानाच्या जिन्याला अकरा पायऱ्या, हे तुला माहीत आहे. गेले दोन महिने सहाव्या पायरीवर थांबून मी खालच्या सायकलवाल्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होतो. तो बिचारा खूश, की इतक्या वर्षांनी शिंपी माणसांत आला. खरी गोष्ट अशी की मला दम लागत होता. संध्याकाळी पायांवर मोज्यांचे वळ उठायचे. मग तुझ्या वहिनीने एक दिवस दुकानाला कुलूप लावलं आणि मला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर म्हणजे एक तरुण डॉक्टरीणबाई आहेत. त्यांनी छातीवर थंडगार जेली लावून हृदयाचा सिनेमा बघितला आणि म्हणाल्या, रक्त पुढे ढकलण्याची ताकद निम्म्यावर आलीय, पंधरा वर्षं ब्लडप्रेशर अंगावर काढलंत त्याचं हे फळ. मी म्हटलं, अंगावर कुठे काढलं, आठवेल तेव्हा गोळी घेत होतो की. त्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि पुढचं लिहायला घेतलं.

आता चार गोळ्या झाल्या. चौथीचं नाव स्पायरोनोलॅक्टोन. एवढं लांब नाव त्या एवढ्याशा गोळीवर कसं मावणार, देव जाणे. डॉक्टरीणबाईंनी तिच्याबद्दल बरंच सांगितलं, पण त्या माझ्या पुतणीच्या वयाच्या, त्यांच्यासमोर मी सगळ्याला मान डोलावत बसलो. तू हॉस्पिटलच्या औषधखिडकीत बसून एकतीस वर्षं लोकांवर डाफरलीस. आता रिटायर झालीस तरी एकदा घरच्या माणसावर डाफर. ही गोळी करते काय आणि तिच्यापायी सांभाळायचं काय, ते सरळ लिही. तू लिहिशील तेच मी करीन.

तुझा दादा


११ जानेवारी

दादा,

पंधरा वर्षं डोक्यात प्रेशर कुकर घेऊन तू लोकांच्या खांद्यांची मापं घेत होतास आणि मला दर वेळी सांगत होतास, "आपल्याला काय धाड भरलीय?" भरली बघ. आता ऐक, आणि हे पत्र कापडाच्या ताग्याखाली टाकू नकोस.

तुझ्या दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी बसलेली आहे. तिच्यातून ॲल्डोस्टेरॉन नावाचं रसायन सुटतं. त्याचं मुख्य काम म्हणजे किडनीला हुकूम सोडायचा, की मीठ जाऊ देऊ नकोस. मीठ थांबलं की पाणी थांबतं, पाणी थांबलं की रक्ताचा दाब चढतो. धडधाकट माणसात हा हुकूम गरजेपुरता असतो. तुझं हृदय थकलंय, किडनीपर्यंत रक्त नीट पोचत नाही, आणि त्या अडाणी किडनीला वाटतंय की अंगात दुष्काळ पडला. मग ती आणखी हुकूम मागवते आणि आणखी पाणी साठवते. ते सगळं पाणी ढकलायचं कुणी, तर पुन्हा त्याच थकलेल्या हृदयाने. वर हेच रसायन हृदयाच्या स्नायूत चट्टे पाडून त्याला ताठ करून टाकतं. कोटाच्या आत ताठपणासाठी लावतोस तो कॅनव्हास चुकून दोनदा घातलास तर कसा होईल, तसं.

तुझी चौथी गोळी त्या हुकमाच्या तोंडावर हात ठेवते. मीठपाणी बाहेर जातं, प्रेशर उतरतं, हृदयाला उसंत मिळते. तीन गोळ्यांना भीक न घालणारं प्रेशर हिच्यापुढे पुष्कळदा वठणीवर आलेलं मी पाहिलंय. आणि तुझ्यासारख्यांचं आयुष्य ती खरोखर वाढवते, हे थट्टा बाजूला ठेवून सांगते.

आता सांभाळायचं. मिठाला वाट दिली की पोटॅशियम अंगात साठायला लागतं. ते फार वाढलं तर हृदयाचा ठोका बिघडतो आणि माणूस बसल्या जागी जातो. म्हणून आठवड्याने रक्त तपास, महिन्याने तपास, पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा तपास. दुकानात "कमी सोडियमचं" म्हणून जे मीठ मिळतं त्यात पोटॅशियमच असतं, ते वहिनींनी घरात येऊ देऊ नये. कंबर धरली म्हणून मनाने पेनकिलर गिळायची नाही. जुलाब-उलट्या झाल्या तर आधी डॉक्टरला फोन, मग गोळी. रोज सकाळी वजन करून लिहून ठेव, पाणी साठायला लागलं तर ते आधी वजनात दिसतं.

बाकी काही नाही. गपचूप घे.

बाटलीबाई


२० मार्च

प्रिय बाटलीबाई,

तुझ्या गोळीने कमाल केली. काल अकराच्या अकरा पायऱ्या एका दमात चढलो. सायकलवाला खालून बघतच राहिला, त्याला वाटलं माझं त्याच्याशी काही बिनसलं. प्रेशर एकशेतीसवर आलंय. रक्त दोनदा तपासलं, पोटॅशियम जागच्या जागी आहे. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या.

वजनकाट्याचं मात्र जमलं नाही. तुझी वहिनी म्हणाली, मी त्यावर चढणार नाही, आणि मी चढणार नाही ती वस्तू घरात येणार नाही. मग मी म्हटलं, आपण शिंपी, आपल्याला काटा कशाला? रोज सकाळी दुकान उघडलं की पहिलं गिऱ्हाईक मीच. टेप लावतो आणि वहीत लिहितो. तुला आमच्या धंद्याचा पहिला नियम ठाऊक आहेच: गिऱ्हाईकाला त्याची कंबर तोंडी छत्तीस सांगायची आणि वहीत अडतीस लिहायची. तोंडी माप ऐकून माणूस खूश होतो आणि वहीतल्या मापाने कोट बसतो. तुला मी वहीतलं कळवतोय.

१७ जानेवारी: छाती अडतीस, पोट साडेएकेचाळीस, घोटा अकरा.

१९ मार्च: छाती पावणेएकोणचाळीस, पोट एकोणचाळीस, घोटा सव्वानऊ.

म्हणजे दोन महिन्यांत अडीच इंच पोट मी तुझ्या किडनीच्या नावाने वाहून टाकलं. आता बोल.

तुझा दादा


२७ मार्च

दादा,

शाबास. एवढं कौतुक पुरे, नाहीतर डोक्यावर बसशील. सायकलवाल्याशी अधूनमधून बोलत जा, त्याने दोन महिने तुझा जीव सांभाळलाय.

यापुढे फक्त पोट आणि घोटा कळव. पाणी साठतं ते तिथे. छातीचा मला काही उपयोग नाही, उगाच टेप फिरवत बसू नकोस.

गोळी बंद करायची नाही, कितीही बरं वाटलं तरी.

बाटलीबाई


१८ जून

प्रिय बाटलीबाई,

तीन महिने पत्र नाही म्हणून तू दातओठ खात असशील. कामाचा रेटा फार. एका न्यायाधीशांचा कोट आलाय, आणि न्यायाधीशांचं पोट दर ट्रायलला निकाल फिरवतं.

माझं सगळं ठीक. पोट एकोणचाळीस, घोटा सव्वानऊ. एप्रिलमध्येही तेच होतं, मेमध्येही तेच. चारही गोळ्या चालू आहेत. डॉक्टरीणबाईंकडची एक फेरी तेवढी चुकली, पुढच्या महिन्यात जाईन.

एक नवीन कोट शिवलाय स्वतःसाठी. जरा जाड आहे आणि उकाड्यात घालतो म्हणून वहिनी बडबडते, पण शिंप्याचं अंग म्हणजे दुकानाची पाटी. तिला काय कळतंय. हल्ली तिच्या घोरण्यामुळे मी बाहेरच्या खोलीत खुर्चीतच झोपतो, पाठीलाही बरं वाटतं.

पुढचं पत्र सवडीने.

दादा


२४ जून

दादा,

मला तू कुठल्या गिऱ्हाईकात धरलंस? तीन महिने घोटा सव्वानऊ, ना दोरा इकडे ना दोरा तिकडे? पुतळ्याचा मोजतोस का? जिवंत माणसाचा घोटा सकाळी एक असतो आणि संध्याकाळी एक.

आणि खुर्चीत झोपतोस म्हणे. वहिनींच्या घोरण्यावर ढकलू नकोस, त्या लग्नापासून घोरतात. माणूस आडवा झाल्यावर त्याला श्वास पुरत नाही तेव्हा तो खुर्चीत झोपतो. मी ही सबब एकतीस वर्षं खिडकीतून ऐकली आहे. पाठ, डास, उकाडा, बायको, सगळे बहाणे मला पाठ आहेत.

तू मीठ खातोयस. दुकानात खालून वेफर मागवत असशील, खारवलेले दाणे चघळत असशील, आणि वहिनींना पत्ता नसेल. साठीच्या पुढचा माणूस आणि चोरून खातो. लाज वाट जरा. हे पत्र मिळाल्याच्या दिवशी डॉक्टरकडे जा. नाही गेलास तर मी पुढची गाडी पकडून येईन आणि न्यायाधीशांच्या समोर तुझे मोजे काढीन.

बाटलीबाई


३ जुलै

वन्सं,

हे हॉस्पिटलात आहेत. शनिवारी दुकानाच्या चौथ्या पायरीवर बसले ते उठलेच नाहीत. सायकलवाल्याने आणि त्याच्या भावाने खुर्चीत घालून खाली आणलं. फुप्फुसात पाणी भरलं होतं. दोन दिवस मला कुणी धड काही सांगेना. आता बरे आहेत, नाकात ऑक्सिजनची नळी आहे आणि हॉस्पिटलच्या चादरीच्या शिलाईला नावं ठेवतात.

तुमचं पत्र त्यांच्या खिशात सापडलं. तुम्ही मीठ म्हणालात. स्वयंपाक मी करते आणि ह्यांचे खिसेही मीच तपासते. सहा महिन्यांत ह्यांनी जास्तीचं मीठ चाखलेलं नाही.

काल दुकानातून एखादा सैल सदरा आणायला गेले. मापाची वही टेबलावरच होती. न्यायाधीशांच्या पुढच्या पानावर ह्यांचं स्वतःचं माप. चौदा एप्रिलला लिहिलंय: छाती चाळीस, घोटा नऊ. त्याच्यापुढे बारीक अक्षरात, "गोळी बंद". त्यानंतर छातीचा रकाना रिकामा. घोटा मात्र रोज लिहिलाय. साडेनऊ, दहा, साडेदहा, शेवटी पावणेबारा. तुम्हाला सव्वानऊ कळवत होते ते तोंडी माप.

वहीखाली एक पट्टा होता. कॅनव्हासचा, आतून मऊ अस्तर लावलेला, सहा हूक. छातीला आवळून बांधायचा आणि वर तो जाड कोट. शिलाई इतकी सुबक की कुणीही हात लावून बघावं. अडतीस वर्षं ह्या माणसाबरोबर संसार केला आणि ह्यांनी आजवर शिवलेली सगळ्यात चांगली वस्तू माझ्यापासून लपायला शिवली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ह्या गोळीने दहातल्या एखाद्या पुरुषाची छाती दुखते आणि वाढते, मला सांगितलं असतं तर गोळी बदलली असती. पहिल्याच दिवशी त्यांनी हे बजावलं होतं म्हणे, आणि ह्यांनी मान डोलावली होती. पण ह्यांनी धरलं ते तुमचं पत्र. "बाकी काही नाही. गपचूप घे." मी ते दहादा वाचलं. विचारल्यावर आता सांगतात, ह्यांना वाटलं, हे गोळीचं नाही, आपल्यालाच काहीतरी भलतं झालंय. मग खात्री करायला एक-एक गोळी बंद करून पाहिली. ही बंद केल्यावर दुखणं कमी झालं, तेव्हा कळलं. आणि मग कुणाला सांगायचं, म्हणून पट्टा शिवला.

तुम्हाला ठाऊक होतं का? हो किंवा नाही, एवढंच लिहा. तुमचे टोमणे एरवी मला आवडतात, ह्या वेळी नकोत.

वहिनी


९ जुलै

वहिनी,

हो.

एवढंच लिहायला सांगितलंत, पण पुढचं लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका पोस्टमनला सांगितलं होतं, की ह्या गोळीने छाती जरा वाढते, घाबरू नका. मी चांगलं खणखणीत सांगितलं. रांगेतले दोघे-तिघे हसले. तोही हसला, आणि गोळ्यांचं पाकीट खिडकीवर तसंच ठेवून निघून गेला. दीड महिन्याने त्याची बायको त्याची उरलेली औषधं परत करायला आली. त्या दिवशी मी ठरवलं, पुन्हा हे बोलायचं नाही. पुढे एकोणतीस वर्षं पुरुषांच्या हातावर ही गोळी ठेवली आणि "जेवणानंतर" एवढंच म्हटलं. माझ्या खिडकीवरून पुन्हा कुणी पाकीट सोडून गेला नाही, याचा मला मोठा तोरा होता. घरी जाऊन किती जणांनी सोडली ते कोण मोजणार? ते थोडेच खिडकीवर सांगायला येतात.

दादाला मी तसंच उरकलं. सख्ख्या भावाला. आणि मार्चच्या पत्रात त्याने सगळी मापं लिहिली तेव्हा मला वाचताक्षणी कळलं होतं. पोट अडीच इंच उतरलेलं आणि छाती पाऊण इंच चढलेली. मी काय करावं? छाती मोजू नकोस, असं लिहिलं. वर मीठ खातोस म्हणून त्यालाच झापलं. लोकांना अक्कल शिकवण्यात माझा हात कुणी धरणार नाही, आणि एक वाक्य लिहायला मी भ्याले.

त्याच जातीची दुसरी गोळी आहे, एप्लेरेनोन. तीही ॲल्डोस्टेरॉनलाच अडवते. पहिली गोळी जरा आंधळी, ती दुसऱ्याच संप्रेरकांच्या दारातही जाऊन बसते, म्हणून छातीचं दुखणं. ही दुसरी तसं फारसं करत नाही. डॉक्टरीणबाईंना विचारा, त्यांनी ठरवलीच असेल. रक्ताची तपासणी मात्र हिलाही तशीच लागते. वाढलेली छाती हळूहळू उतरेल, थोडी राहीलही. हे आता लिहिते आहे.

वहिनी, माफी मागायला तोंड नाही, तरी मागते. दादाला हे पत्र दाखवा.

तुमची नणंद


२५ जुलै

प्रिय बाटलीबाई,

घरी येऊन चार दिवस झाले. नवी गोळी सुरू आहे, घोटा दहा. वहीतला.

तुझं पत्र वहिनीने मला दाखवलं नाही. भर वॉर्डात मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा. पलीकडच्या रांगेतल्या लोकांनी तिसऱ्यांदा वाचायला सांगितलं.

तू जानेवारीत सांगितलं असतंस, तर मी पोस्टमनसारखीच गोळी ठेवून दिली असती. मी मला ओळखतो. पण म्हणून तुला सोडलं असं समजू नकोस. मला महिनाभर वाटत होतं की मला काहीतरी घाणेरडा रोग झालाय. टेप लावताना मी डोळे मिटायचो. माणसाला एवढं एकटं पाडू नये गं.

आता जे झालं ते सांगतो. त्यानंतर दोन दिवसांनी शेजारच्या खाटेवर एक बसचा ड्रायव्हर आला. मनगट माझ्या पोटरीएवढं, आवाज असा की नर्स पण हळू बोलायची. त्याचंही हृदय माझ्यासारखंच, आणि त्यालाही तीच पहिली गोळी लिहून दिली होती. मी म्हटलं, माझ्या बहिणीसारखं करायचं नाही, सांगून टाकायचं. सांगितलं. अमुक होऊ शकतं, सगळ्यांना होत नाही, झालं तर लपवू नका, दुसरी गोळी मिळते. त्याने शांतपणे सगळं ऐकलं, तोंडातली गोळी बाहेर काढली आणि उशीखाली ठेवली. म्हणाला, मास्तर, बाईसारखी छाती घेऊन जगण्यापेक्षा मी आहे तसा जातो. म्हणजे तुझा पोस्टमनच. तू गप्प का राहिलीस ते मला तेव्हा कळलं.

मी पुष्कळ समजावलं. तुझी ती किडनी, टोपी, हुकूम, दुष्काळ, सगळं त्याच्या गळी उतरवून पाहिलं. ऐकेना. भेटीची वेळ होती. त्याची बायको होती, दोन दांडगे मुलगे उभे होते, तुझी वहिनी माझ्या खाटेशी खुर्चीत होती. मला काय झालं कुणास ठाऊक, मी उठून बसलो आणि सदऱ्याची बटणं काढली. सगळी. एप्रिलपासून आरशालासुद्धा दाखवली नव्हती ती छाती मी त्या सगळ्यांसमोर उघडी करून बसलो. डावीकडे जास्त आहे, उजवीकडे कमी, म्हणजे धड एकसारखीही नाही. ट्रायलला आली असती तर मीच परत पाठवली असती.

ड्रायव्हरने वाकून दोन्ही बाजू नीट बघितल्या. मुलगे छताकडे बघत होते. मग तो म्हणाला, "एवढंच?"

मी म्हटलं, "एवढंच."

त्याने उशीखाली हात घातला, गोळी शोधली, तिला चिकटलेला कापूस फुंकून उडवला आणि बायकोकडे पाणी मागितलं. एवढ्यासाठी मी तीन महिने मरायला निघालो होतो, आणि त्या गाढवाला ते एका नजरेत कळलं. मला त्याचा रागच आला.

मी बटणं लावली आणि वळलो. वाटलं होतं वहिनी माझ्यावर उखडेल, सगळ्यांसमोर असा उघडा बसलो म्हणून. ती रडत होती. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "मला का नाही दाखवलंत?"

 घरी आल्यापासून ती रोज सकाळी गोळी आणि पाणी समोर ठेवते, मी गिळली तरी उभीच राहते, जात नाही. गोळीसाठी थांबत नाही ती, त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी थांबते, हे मला समजतं. मी टेप उचलतो आणि घोटा मोजायला वाकतो.

तुझा दादा